बाप्तिस्मा घेतला नाही तर तारण होत नाही का? घरात हा प्रश्न निघाला तर कसा सोडवायचा

बाप्तिस्मा म्हणजे पाण्यानं होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, तारण म्हणजे पापातून सुटका. आमच्या बेळगाव भागात हा प्रश्न नेहमी भलत्या वेळी निघतो. मयताच्या घरी, नाहीतर लग्नाची बोलणी चाललेली असताना, नाहीतर रविवारी भक्ती संपून बाहेर चपला शोधताना. आणि विचारणाऱ्याच्या तोंडावर दोन वचनं टाकून त्याला गप्प बसवणारा कोणीतरी तिथं हजर असतोच. मी मेथडिस्ट घरातला, आत्या खानापूरकडं कॅथलिकांत दिलेली, चुलतभाऊ गेली काही वर्षं बिलिव्हर्स मंडळीत (मंडळी म्हणजे आमच्यात चर्च) जातो, त्यामुळं आमच्याकडं नाताळच्या पंगतीला तीन उत्तरं मांडीला मांडी लावून बसलेली असतात. त्या पंगतीत बसून बसून जे थोडं कळलं ते लिहितोय. मी काही पाळक नाही, सेमिनरीत गेलेलो नाही. खरं घरात प्रश्न येतो तेव्हा पाळक शेजारी नसतो, तुम्हीच असता.

सगळ्यात आधी बायबल उघडू नका. आधी कोण विचारतंय ते बघा. एकाच वाक्यात चार वेगळी माणसं चार वेगळे प्रश्न विचारत असतात. माझी एक मावशी, तिचं बाळ दोन दिवसांचं होऊन गेलं, ती महिनाभरानं म्हणाली, "पोराला पाणी लागलं नव्हतं वो, आता त्याचं काय?" तिला मार्क सोळाचं सोळावं वचन वाचून दाखवणारा एक गृहस्थ मी डोळ्यांनी बघितलाय. वचन बरोबर होतं, माणूस चुकला होता. दुसरा विचारतो कारण त्याला मुलगी कॅथलिक बघितलीय आणि तिकडच्यांनी अट घातलीय. तिसरी विचारते कारण तिचा येशूवर विश्वास आहे खरं सासरी कळलं तर घर मोडेल. आणि चौथा असतो आमच्या चुलतभावासारखा, ज्याला वाद घालायचा असतो, त्याला चहा द्या आणि विषय बदला.

मग दुसरं काम, "गरज" हा शब्द फोडून घ्यायचा. निम्मी भांडणं इथंच मिटतात. गरज म्हणजे काय, पाण्याशिवाय देवाला कोणाला तारताच येत नाही असं? असं म्हणणारी मोठी मंडळी मला तरी माहीत नाही, कॅथलिकसुद्धा तसं म्हणत नाहीत. की गरज म्हणजे, मला कळलंय, मला जमतंय, पाणी समोर आहे, तरी मी नको म्हणून चालेल का? यालाही जवळजवळ कोणतीच मंडळी "चालेल" म्हणत नाही. म्हणजे बघा, देव बांधलेला नाही, तुम्ही बांधलेले आहात. घरात समजावताना मी शेतजमिनीच्या उताऱ्याचं उदाहरण देतो. उताऱ्यावर नाव चढलं नाही म्हणून तीस वर्षं रान कसणारा खोटा ठरत नाही, हे तलाठ्यालापण माहीत असतं. खरं नाव चढवायची सोय असताना, कागद हातात असताना, जो चाललच म्हणून घरी बसतो त्याला घरचे विचारणारच की बाबा तुझ्या मनात आहे तरी काय. हे उदाहरण पुरं पडत नाही, आत्या लगेच म्हणते की आमच्यात पाणी म्हणजे नुसती नोंद नाही, तिथं खरंच काहीतरी घडतं, माणूस नवा होतो. बरोबर आहे तिचं, तिच्या मंडळीची शिकवण तशीच आहे. तरी सुरुवातीला उतारा कामाला येतो.

आता बायबल. एकट्यानं वाचू नका, दोघंतिघं बसा आणि एकाच बाजूची वचनं काढायची नाहीत असं आधी ठरवा. बाप्तिस्मा लागतोच म्हणणाऱ्यांची वचनं ही: मार्क १६:१६, विश्वास धरून बाप्तिस्मा घेणाऱ्याचं तारण होईल. योहान ३:५, निकदेमाला येशू सांगतो की पाण्यापासून आणि आत्म्यापासून जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात जाता येत नाही. प्रेषितांची कृत्ये २:३८, पेत्र म्हणतो पश्चात्ताप करा आणि पापांची क्षमा व्हावी म्हणून बाप्तिस्मा घ्या. कृत्ये २२:१६, ऊठ, बाप्तिस्मा घे, पापं धुऊन टाक. आणि १ पेत्र ३:२१, जिथं सरळ लिहिलंय की बाप्तिस्मा आता तुम्हाला तारतो. ही वचनं हलकी नाहीत. आमच्याकडचे काही भाऊ यातली एकेक पटकन निकालात काढतात, तसं करू नका.

दुसऱ्या बाजूची पण काढा. लूक २३:४३, वधस्तंभावरचा चोर, ना पाणी ना मंडळी, आणि त्याला आजच सुखलोकात असशील म्हणून शब्द मिळाला. इफिसकरांस २:८-९, कृपेनं विश्वासाच्या द्वारे तारण, कर्मानं नाही. १ करिंथ १:१४ ते १७, पौल म्हणतो मी क्रिस्प आणि गायसला सोडून तुमच्यातल्या कोणाला बाप्तिस्मा दिला नाही याबद्दल देवाचे आभार, मग त्याला स्तेफनाचं घर आठवतं, आणि पुढं म्हणतो ख्रिस्तानं मला बाप्तिस्मा करायला नाही, सुवार्ता सांगायला पाठवलं. मला हे वाचताना नेहमी हसू येतं, पौलाला यादीपण धड आठवत नाही. ज्या गोष्टीवर सगळं अडलंय तिची यादी माणूस अशी विसरेल का, असा विचार मनात येतोच.

आता एकेक वचन थोडं खोदायचं. मार्क १६:१६ चा दुसरा अर्धा भाग वाचा, तिथं शिक्षा विश्वास न धरणाऱ्याला आहे, बाप्तिस्मा न घेणाऱ्याला असं लिहिलेलं नाही. शिवाय चौथ्या शतकातल्या दोन सगळ्यात जुन्या मोठ्या हस्तलिखितांत मार्कचं शुभवर्तमान १६:८ लाच थांबतं, ९ ते २० वचनं तिथं नाहीत. याचा अर्थ ती फाडून टाका असा नाही, सगळ्या मंडळ्या ती वाचतातच, खरं फक्त तेवढ्या एका वचनावर कोणाला नरकात धाडू नका. योहान ३:५ मधलं पाणी म्हणजे बाप्तिस्मा असं मंडळीनं पहिल्यापासून वाचलंय, उलट बरेच बाप्टिस्ट म्हणतात ते आईच्या पोटातल्या जन्माचं पाणी, कारण पुढच्याच वचनात देहापासून जन्मलेलं ते देह असं आहे. कृत्ये २:३८ मध्ये तर सगळा वाद एका छोट्या ग्रीक शब्दावर आहे, एइस. त्याचा अर्थ "साठी" पण होतो आणि "कडे, संबंधानं" असाही घेतला जातो. आपल्या मराठी बायबलात "व्हावी म्हणून" आलंय. आणि पेत्राचं वचन अर्ध्यावर सोडू नका, तो लगेच पुढं सांगतो की हे शरीराचा मळ धुणं नाही, शुद्ध विवेकभावानं देवाकडं केलेली गोष्ट आहे. चोराबद्दल पण इमानदारीनं बोलायचं, बाप्तिस्मा द्या ही आज्ञा मत्तय २८:१९ मध्ये पुनरुत्थानानंतर आली, चोर तिच्या आधी मेला, त्यामुळं ज्याला आज पाण्याच्या काठावर राहून टाळायचंय त्यानं चोराच्या मागं लपू नये.

माझ्या मते सगळ्यात उपयोगी जागा कृत्येचा दहावा अध्याय आहे आणि तिकडं कोणी फारसं जात नाही. कर्नेल्य नावाचा रोमी शताधिपती. पेत्र अजून बोलतोय तोवरच पवित्र आत्मा त्या सगळ्यांवर उतरतो, पाणी लागायच्या आधी. झालं, देवानं क्रम मोडला. मग पेत्र काय म्हणतो, आता आत्मा मिळालाच आहे तर पाणी कशाला? नाही. तो म्हणतो यांना आत्मा मिळालाय तर पाण्याला कोण अडवणार, आणि बाप्तिस्मा द्यायला सांगतो. एका अध्यायात दोन्ही बाजू. याच्या उलट आठव्या अध्यायातला शिमोन जादूगार, त्याचा बाप्तिस्मा झाला होता, आणि पुढं तो पैसे देऊन आत्म्याची शक्ती विकत घ्यायला बघतो, तेव्हा पेत्र त्याला सुनावतो की तुझं अंतःकरण देवासमोर नीट नाही. म्हणजे पाणी लागलं म्हणजे झालं, असंपण नाही. ही दोन माणसं शेजारी शेजारी ठेवून वाचा, एक तास कसा जातो कळणार नाही.

आता मंडळ्या काय शिकवतात ते माहीत असू द्या, नाहीतर दुसऱ्याच्या घरात जाऊन आपलंच उत्तर ठोकून याल. कॅथलिक मंडळीत बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक. १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेनं बाप्तिस्मा ऐच्छिक आहे म्हणणाऱ्याला दोषी ठरवलं. खरं त्याच परिषदेत "किंवा त्याची इच्छा" असाही शब्द आहे, आणि १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट आहे की देवानं तारण या संस्काराशी जोडलंय, पण तो स्वतः संस्कारांना बांधलेला नाही. ख्रिस्तासाठी जीव दिला आणि पाणी मिळालंच नाही तर तो रक्ताचा बाप्तिस्मा, तयारी चालू असताना मरण आलं तर इच्छेचा बाप्तिस्मा. लूथरन लोकांचं १५३० चं आउग्सबुर्ग कबुलीपत्रपण बाप्तिस्मा तारणासाठी गरजेचा म्हणतं, हे ऐकून आमच्याकडच्या प्रोटेस्टंटांना नेहमी धक्का बसतो. कोल्हापूर भागात जे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन होतं त्यांची परंपरा वेस्टमिन्स्टर कबुलीपत्राची, सतराव्या शतकातली, तिचं म्हणणं मला फार मापात वाटतं: बाप्तिस्म्याची हेळसांड करणं मोठं पाप, खरं कृपा त्याला इतकी घट्ट बांधलेली नाही की त्याशिवाय कोणी तरूच शकत नाही, किंवा ज्याला ज्याला पाणी लागलं तो तरलाच. आम्ही मेथडिस्ट बाळांना बाप्तिस्मा देतो, त्याला नव्या जन्माची खूण मानतो. बेळगावात १८२० मध्ये लंडन मिशननं काम सुरू केलं आणि पुढं ते मेथडिस्टांकडं आलं, तेव्हापासूनची आमची घरं आहेत. बाप्टिस्ट, पेंटेकॉस्टल, बिलिव्हर्स म्हणतात आधी विश्वास मग बुडवून बाप्तिस्मा, आणि तो तारणासाठी नाही, तारण झालं म्हणून. त्यांच्यातच थोडे असे आहेत जे बुडवल्याशिवाय पापक्षमा नाहीच म्हणतात. आणि मुक्तिफौज, म्हणजे साल्व्हेशन आर्मी, १८८३ पासून बाप्तिस्मा देतच नाही, पाणीच नाही, तरी त्यांना कोणी ख्रिस्ती नाहीत म्हणत नाही.

आता घाईची वेळ. बाळ काचेच्या पेटीत आहे, डॉक्टर मान हलवतोय, आणि घरचे कॅथलिक आहेत. फादरची वाट बघत बसायचं नाही. त्यांच्या नियमानं अशा वेळी कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, नर्स, शेजारी, अगदी स्वतः बाप्तिस्मा न झालेला माणूससुद्धा, फक्त मंडळी जे करते तेच मला करायचंय असा हेतू पाहिजे. साधं पाणी चालतं. आधी नर्सला विचारा, ती ड्रॉपर नाहीतर सिरिंज देईल. डोक्यावर पाणी वाहील असं तीनदा थोडं थोडं सोडायचं आणि नाव घेऊन म्हणायचं, मी तुला पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देतो. पाणी आणि शब्द एकाच माणसाचे, एकाच वेळी. झालं. नंतर धर्मग्रामात, म्हणजे त्या भागाच्या कॅथलिक चर्चमध्ये, जाऊन सांगायचं म्हणजे रजिस्टरला चढतं, आणि बाळ वाचलं तर बाकीचा विधी तिथं होतो, पाणी पुन्हा नाही. आईबाप कॅथलिक नसतील आणि नको म्हणत असतील तर चोरून पाणी सोडायला जाऊ नका. एक बाई असं करून आली होती आणि त्या घराचं आणि आमचं बोलणं दोन वर्षं बंद होतं.

आणि पाणी लागायच्या आधीच बाळ गेलं असेल तर? इथं तुमचं काम उत्तर देणं नाही, बसणं आहे. आईनं विचारलंच तर सांगायला खरं काहीतरी आहे, बनवून सांगायची गरज नाही. लिंबो म्हणून, बाप्तिस्मा न झालेली बाळं जातात अशी, जी जागा जुन्या पिढीला शिकवली होती तो कॅथलिकांचा अधिकृत विश्वासाचा मुद्दा कधी नव्हता, आणि २००७ मध्ये रोमच्या ईश्वरशास्त्र आयोगानं अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला गंभीर कारणं आहेत असं सविस्तर लिहिलं. त्यांच्या कायद्यात आईबापांची बाप्तिस्मा द्यायची इच्छा होती तर बिशपच्या परवानगीनं बाळाचा ख्रिस्ती अंत्यविधीपण होतो. प्रोटेस्टंट घर असेल तर मी एवढंच सांगतो की लेकरांना माझ्याकडं येऊ द्या म्हणणाऱ्यानं त्यांना आधी रजिस्टर विचारलं नव्हतं. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, उठून भाकऱ्या थापायला गेली. त्या दिवशी ती जेवली.

आता तिसरी, म्हणजे विश्वास आहे खरं पाणी नाही. हे आमच्या सीमाभागात घरोघरी आहे, बोलत नाही कोणी. निपाणीकडचा माझा एक दोस्त, रोज वचन वाचतो, उपास करतो, बाप्तिस्मा नाही, का तर बायकोला मान्य नाही आणि धाकट्याचा जातीचा दाखला आहे. त्याला कोणीतरी म्हणालं तू अर्धा ख्रिस्ती. मला फार राग आला. बाबा पद्मनजी आमच्याच बेळगावात १८३१ मध्ये जन्मले, मराठी ख्रिस्ती साहित्याचे जणू बापच, त्यांच्या मनाला पटून मग १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेईतोवर घरचा विरोध आणि स्वतःची घालमेल यात वर्षं गेली. त्या मधल्या वर्षांत ते कोण होते? नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाई त्यांच्या मागून काही वर्षांनी आल्या. आणि याच टिळकांनी १९१७ मध्ये देवाचा दरबार काढला तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. म्हणजे आमच्या मराठी मंडळीला हा माणूस नवा नाही, त्याला बसायला जागा आपल्याच लोकांनी आधी करून ठेवलीय.

खरं दोस्ताशी मी दुसरी बाजूपण बोललो. अडचण वेगळी आणि सवड वेगळी. रोमचा सम्राट कॉन्स्टंटाईन इतकी वर्षं ख्रिस्ती लोकांच्या बाजूनं राहिला आणि बाप्तिस्मा घेतला ३३७ मध्ये, मरणाच्या तोंडावर. त्या काळी बरेचजण असंच करायचे, शेवटी एकदाच सगळं धुऊन निघेल म्हणून. हा हिशोब झाला, विश्वास नाही. तू कुठला, हे तूच ठरव, मी नाही ठरवणार. आणि दाखल्याचं कोडं मोकळेपणानं बोला, ते पाप असल्यासारखं दडपू नका. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता, पुढं १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. गरीब घराला ही किंमत खरी आहे, व्यासपीठावरून ती दिसत नाही. कर्नाटकात २०२२ च्या धर्मांतराच्या कायद्यात घेणाऱ्यानं आणि देणाऱ्यानं दोघांनीही ३० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायची अट आली, २०२३ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळानं तो मागं घ्यायचं ठरवलं. मोठ्या माणसाचा बाप्तिस्मा ठरवताना त्या तारखेला नेमकं काय लागू आहे ते बेळगावच्या वकिलाला विचारूनच तारीख पक्की करा, आणि पलीकडं चंदगड नाहीतर गडहिंग्लजला जाऊन घ्यायचा बेत असेल तर तिकडचं वेगळं विचारा. पैसे, नोकरी, लग्नाचं आमिष असलं काही मध्ये असेल तर मुळीच पुढं जाऊ नका, कायदा राहू द्या बाजूला, तो बाप्तिस्माच नव्हे.

लग्नवाल्याचं लवकर आटपतो. पाणी आणि पिता-पुत्र-पवित्र आत्मा या नावानं एकदा बाप्तिस्मा झाला असेल तर कॅथलिक पुन्हा देत नाहीत, मेथडिस्ट, सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया), सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) कुठलाही असो, फक्त पुरावा मागतात. बिलिव्हर्स मंडळी बाळपणीचा मानत नाहीत, ते पुन्हा बुडवणार. आत्याच्या सुनेला तिकडं जायचं होतं तेव्हा घरात रडारड झाली, आजी म्हणाली मग माझ्या मांडीवर काय झालं होतं? याला दोन्हीकडं समाधान होईल असं उत्तर नाही, ३८१ पासून मंडळ्या भक्तीत म्हणत आलेल्या विश्वासांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा असं आहे एवढं मी सांगू शकतो.

आणि ठरलंच असेल घ्यायचं, तर पाळकाला नाहीतर फादरला दोन-तीन महिने आधी भेटा, शिकवणीचे वर्ग असतात, कॅथलिकांत मोठ्यांची तयारी तर बहुतेक करून पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, रात्रीसाठी चालते. नदीत घेणार असाल तर पावसाळ्यात मलप्रभेत उतरू नका, पाणी तांबडं आणि ओढ जबर असते, चर्चची टाकी बरी. बायकांनी गडद रंगाचा जाड सुती ड्रेस घाला, पांढरा ओला झाला की पंचाईत होते. पहिल्या शतकाच्या आसपासच्या एका जुन्या शिकवणीत लिहिलंय की वाहतं पाणी नसेल तर दुसरं, थंड नसेल तर कोमट, आणि दोन्ही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता, म्हणजे जानेवारीत गरम पाणी मागायला लाजू नका. सर्टिफिकेट त्याच दिवशी घ्या आणि तिथंच उभं राहून नाव वाचा. आमच्याकडं रजिस्टर कधी कन्नडमध्ये, कधी इंग्रजीत, कधी मराठीत, आधारवर एक स्पेलिंग आणि चर्चच्या कागदावर दुसरं, माझ्या बहिणीचं आडनाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं आहे आणि तिच्या लग्नाच्या वेळी त्यापायी चार खेपा घालाव्या लागल्या.